काचेच्या धाग्यांची काठी

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगून टाकतो. कोणी गेलेलं नाही. घरी सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय; तिसरं आहेच कोण? फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की त्यावर एक अंगठा येतो. एवढ्या वर्षांत मी त्या अंगठ्याशी जेवढा बोललोय तेवढा तुझ्याशी बोललेलो नाही. म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागदाला अंगठा दाखवणं जरा अवघड जातं.

लिहायला कारण म्हणशील तर फालतू आहे. मी मासे धरायची नवी काठी करून घेतली.

हसलीस ना? हस. बाबांची ती पोलादी काठी आठवते? तू तिला विजेचा खांब म्हणायचीस. ती मी बाबांनंतरही वापरत राहिलो. पण हल्ली खांदा कुरकुरतो. दोन-चारदा दोरी फेकली की हात असा लोंबतो, जणू दुसऱ्याच कोणाचा तरी आहे आणि मी तो सांभाळायला घेतलाय. वय झालं, दुसरं काय. चाळिशी उलटली की एकेक भाग संपावर जातो.

नवी काठी फायबरग्लासची आहे, म्हणजे काचेच्या धाग्यांची. फ्लाय रॉड म्हणतात तिला. गळाला गांडूळ वगैरे लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी लावायची आणि पाण्यावर अलगद उतरवायची. माशीने मासा धरायचा. तुझ्या भावजयीच्या मते हा खेळ ज्याने काढला त्याला घरी काही काम नसणार.

आमच्या दुकानामागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेडला लागून एक म्हातारा बसतो. पूर्वी होड्यांची भोकं बुजवायचा, म्हणून अजून सगळे त्याला होडीवालाच म्हणतात. आता काठ्या करतो, त्याही मनात आलं तर. टोकाकडे निमुळती होत गेलेली एक पोलादी सळई घेतो, तिच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड गुंडाळतो, त्यावर राळ चोपडतो, वरून पट्टी आवळतो आणि एका लांबड्या भट्टीत भाजतो. मग सळई ओढून काढतो. राहते ती पोकळ नळी. रंग कोऱ्या चहासारखा. उजेडासमोर धरली की आरपार दिसते, आतल्या धाग्यांची उभी-आडवी वीणसुद्धा. मी आयुष्यभर कापड कापलेला माणूस. मला ती वीण बघूनच भूल पडली. दोरी ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधतात. दोरा मी दुकानातून नेला, बाटलीसारखा हिरवा. होडीवाला म्हणाला, "कापडवाल्याला रंग कळतो बुवा." मी दिवसभर हवेत होतो.

एक गंमत सांगतो. मूठ बुचाची असते, हाताच्या मापाने कोरतात. त्याने माझा पंजा उलटापालटा केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा आपल्या बोटाने पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. मग बुचावर त्या जागी जरासा फुगवटा ठेवला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "इथे तुमचा हात कमी पडतो. म्हणून मूठ जास्त ठेवली."

कात्री चालवून सगळ्याच कटिंग मास्तरांचं तसं होतं म्हणे.

पण ताई, वजन! म्हणजे वजन नाहीच. हातात घेतली की वाटतं, रिकामा हात वर केलाय. घरात आणून उभी केली तर भावजय म्हणाली, "एवढीशी? हिने मासा येणार की मासा हिला घेऊन जाणार?"

उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी मी लिहीन.

तुझा,
बारक्या


२१ मार्च

ताई,

काल नदीवर गेलो होतो. बाबा न्यायचे तीच जागा, जुन्या पुलाच्या खाली, जिथे पाणी वळण घेऊन संथ होतं. पुलाला आता निळा रंग दिलाय, अगदी बादलीसारखा. बाकी तसंच.

मला वाटलं होतं मला सगळं येतं. काही येत नव्हतं. आधीची काठी म्हणजे दांडगाई होती, जोर लावायचा आणि फेकायचं. हिला जोर चालत नाही. जोर लावला की दोरी पायाशी ढीग होऊन पडते, चहाच्या टपरीवर एखादा हिरमुसून बसावा तशी. दोरी मागे टाकायची, आणि थांबायचं. मागे ती उलगडत जाते, सरळ होते, आणि मग काठी मुठीपर्यंत वाकते आणि तळहाताला हळूच सांगते, आता. तेव्हा पुढे न्यायचं. नेणंसुद्धा नाही, सोडायचं. माझ्याच्याने ते थांबणं होईना. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही ना, विश्वास ठेवावा लागतो.

तुझी भावजय काठावर घडीची खुर्ची टाकून बसली होती. दिवसभर डिलिव्हरीची व्हॅन चालवून कंबर मोडलेली, तरी आली. ती म्हणाली, "तू मनात काहीतरी म्हण. एखादा शब्द. तो संपला की फेक."

मी म्हटलं, "काय म्हणू?"

"माझं नाव म्हण. पूर्ण. माहेरच्या आडनावासकट."

ताई, जमलं! दोरी पुढे गेली, लांब, सरळ, आणि टोकाची माशी पाण्यावर अशी उतरली की पाण्यालाही कळलं नाही. मी वेड्यासारखा ओरडलो. मग पुन्हा, मग पुन्हा. मासा-बिसा डोक्यातून गेलाच होता. नुसती दोरी हवेत उलगडताना बघत राहावं. हात आहे हेच विसरायला होतं. किती दिवसांनी विसरलो.

आणि मग मासा लागला. वीतभर. ठिपक्यांचा. पण ती काठी! मुठीच्या बुडापर्यंत वाकली, आणि त्या एवढ्याशा जिवाची धडपड, प्रत्येक झटका, शेपटीचा प्रत्येक फटकारा माझ्या तळहातात. बाबांच्या काठीवर मोठा मासासुद्धा नुसता जड लागायचा. ही सगळं सांगते. मी हसत होतो, आणि भावजय म्हणाली तू रडतोयस का. मी म्हटलं ऊन आहे.

मासा सोडून दिला. गळ तिनेच काढला, माशीची गाठही तीच बांधते हल्ली. माझे डोळे बारीक कामाला उतरलेत.

तुला ते पाणी आठवतं का? तू बाबांच्या पायजम्याच्या पायांना धरून उभी राहायचीस आणि मी तुझ्या फ्रॉकला.

बारक्या


१८ एप्रिल

ताई,

तुझा पत्ता बदलला तर नाही ना? पत्रं परत येत नाहीत, म्हणजे कोणीतरी घेतंय.

अक्षर तिरकं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, मांडीवर ठेवून लिहितोय.

मला दुकानात बढती मिळाली. आता कापायला उभं राहायचं नाही, पुढे काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि बटणं वेगळी करायची. मालक म्हणाले, "मास्तर, किती वर्षं उभे राहिलात. आता बसा." चांगला माणूस आहे. मोठी कात्री माझ्या हातातून पडली तेव्हा तो शेजारीच होता, पण तो विषय त्याने काढला नाही. पडली म्हणजे निसटली. तेलाचा हात होता.

एका शाळेच्या गणवेशाचा अख्खा थर वाकडा कापला गेला होता त्याआधी. तोही विषय त्याने काढला नाही. माणसं विषय काढेनाशी झाली की खुर्ची मिळते.

नदीवर रविवारी जातो. काठी इतकी हलकी आहे म्हणून बरं. दुसरी कुठलीही असती तर घरी राहावं लागलं असतं. खांद्यामुळे. आता डाव्या हाताचाही आधार देतो. लोक बघतात, दोन्ही हातांनी एवढीशी काठी धरलेला बाप्या! बघू देत.

काल शर्टाची बटणं भावजयीने लावून दिली. लाडात आलो होतो म्हण.

भाची कशी आहे? कितवीत गेली? खेळते-बिळते ना? धावते? पेन्सिल नीट धरते? सहज विचारलं. मामाने विचारू नये का?

लिही गं. चार ओळी लिही.

बारक्या


१४ मे

ताई,

बस. आता नीट लिहितो. तुझ्यासमोर खुर्ची असेल तर बस.

माझा खांदा दुखत नाही. डोळे चांगले आहेत. तेलाचा हात नव्हता. मला बाबांचं झालंय.

हे वाक्य लिहायला मी मार्चमध्येच बसलो होतो. पहिलं पत्र याचसाठी काढलं होतं. 'सगळे ठीक' लिहिलं आणि पेन आपोआप काठीकडे वळलं. दुसऱ्या वेळी पुन्हा बसलो, पुन्हा तेच. काठीबद्दल लिहिलेलं मात्र शब्दन् शब्द खरं आहे. तेवढंच खरं होतं, म्हणून तेवढंच लिहीत सुटलो.

जानेवारीत डॉक्टरकडे गेलो होतो. तरुण बाई आहे, फोटोतल्या भाचीसारखे गाल. तिने गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं ओढायला सांगितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि ती कितीतरी वेळ बघत बसली. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?"

मी म्हणणार होतो, नाही. भावजय आधीच म्हणाली, "सासऱ्यांना. हातापासून सुरू झालं. मग पाय, मग बोलणं."

"भावंडं?"

"एक मोठी बहीण. तिला एक मुलगी."

रक्त तपासायला पाठवलं. त्या कागदावर बरंच काही होतं, पण तिने आम्हाला साध्या भाषेत सांगितलं. बाबांना झालं ते नुसतं त्यांचं नशीब नव्हतं. ते रक्तातून उतरतं. प्रत्येक मुलाला नाणं उडवल्यासारखं, छापा नाहीतर काटा. मला लागलं. तुझं नाणं अजून हवेत आहे, किंवा पडलेलं आहे आणि कोणी बघितलेलं नाही. तपासणी करता येते. करायचीच असं नाही, तुझी मर्जी. पण तुला माहीत असायला हवं, असं ती म्हणाली. तुझ्यासाठी आणि पोरीसाठी. मी म्हटलं, बहीण बोलत नाही माझ्याशी. ती म्हणाली, "मग लिहा. हात चालतोय तोवर लिहा." लगेच तिने जीभ चावली. मी म्हटलं, "राहू द्या, बाई, बरोबरच आहे."

औषध नाही. एक गोळी आहे, तिने थोडं हळू होतं म्हणे. बाबांच्या वेळी तेवढंही नव्हतं.

रात्रंदिवस मला बाबाच दिसतात, ताई. चमचा तोंडापर्यंत न्यायचे आणि तो ओठाशी येऊन थांबायचा, आणि ते आपल्याकडे बघून हसायचे, जणू चमच्यानेच चावटपणा केलाय. मग तोही उचलेना. मग आवाज गेला. तू बॅग घेऊन निघालीस त्या दिवशी त्यांचे डोळे तुझ्या मागे दारापर्यंत गेले आणि मग दारावरच राहिले. तुला दोष देत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही पळालो असतो. आता तर पळावंसं वाटतं, पण मी जाईन तिथे हे हात बरोबर येणार.

आम्हाला मूल झालं नाही म्हणून तुझी भावजय किती रडली होती. त्या दिवशी डॉक्टरकडून परत येताना व्हॅनमध्ये म्हणाली, "बरं झालं." आणि गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

आता कळलं मी ती काठी का करून घेतली? बाबांची उचलवेना. एक उन्हाळा तरी मिळावा एवढीच इच्छा होती. त्या म्हाताऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने हात दाबला आणि ओळखलं. मुठीवरचा तो फुगवटा कशासाठी आहे ते तुलाही कळलं असेल. तिथलं मांस झडतं सगळ्यात आधी.

पोरीला इतक्यात काही सांगू नकोस. तू ठरव. मला काही कळवू नकोस हवं तर. पण हे पत्र मिळालं एवढं कळव.

बारक्या


६ जून

ताई,

तुझं पत्र आलं. पहिलं.

तर तुला माहीत होतं. पोटात पोर असतानाच तू तपासून घेतलं होतंस, आणि तू सुटली होतीस. म्हणजे पोरही सुटली. आणि त्यानंतर तू घरी फोन करणं बंद केलंस, कारण, तुझे शब्द लिहितो, "तुझा आवाज ऐकला की वाटायचं, माझ्या वाट्याचं कोणावर पडलं असेल?" नाण्यांचा तसा काही हिशोब नसतो, ताई. तुला छापा पडला म्हणून मला काटा पडला नाही. तू शिकलेली आहेस. एवढं तुला ठाऊक होतं.

तुझी भावजय पत्र वाचून आनंदाने रडली. खरंच. "पोर सुटली," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही म्हटलं, वा, छान झालं. आणि मग मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली (दोन्ही हातांनी) आणि तिथे बसून राहिलो.

मला काय वाटलं ते सांगू? क्षणभर मला वाईट वाटलं. तू सुटलीस याचं. मला वाटत होतं, आपण दोघं आहोत. इतके दिवस मी मनात तुझ्याशीच बोलत होतो, कारण मला वाटायचं जगात एकच माणूस आहे जो याच अंधारात उभा आहे. आणि तू कधीच तिथे नव्हतीस. तू केव्हाची बाहेर उन्हात. इथे मी एकटाच.

असं वाटणारा भाऊ असतो का कोणाचा? असतो. इथे आहे.

मग मी नदीवर गेलो. हट्टाने. दोरी कड्यांतून ओवायलाच सकाळ गेली. पहिली फेक झुडपात. दुसरी माझ्याच टोपीत. तिसऱ्यांदा दोरी मागे गेली आणि मी थांबलो, आणि काठीने सांगितलं, आता, आणि माझा हात गेलाच नाही. ऐकलं, पण गेला नाही. तिथेच राहिला, दांडीवर वाळत घातलेल्या शर्टाच्या बाहीसारखा.

मी ती काठी दगडावर आपटली. डाव्या हाताने, होता तेवढा जोर लावून. मोडावी म्हणून. मोडली नाही. काचेची असून! वाकली, उसळली आणि परत सरळ झाली. माझ्यातच जोर नाही. पुन्हा आपटली, पुन्हा तेच. पलीकडच्या काठावर एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, ती कुत्रं घेऊन निघून गेली. मला हसूच आलं. हिच्यावर राग काढायचा म्हटला तर तेवढीसुद्धा ताकद लागते.

तू लिहिलंयस की येऊ का. नको येऊस. बाबांच्या वेळी नव्हतीस, याही वेळी नसलीस तर चालेल. निदान रीत मोडणार नाही.

—


७ जून

ताई, कालचं पत्र टाकलं आणि लगेच पेटीत हात घातला. हात फटीत अडकला. बोटं वळतच नाहीत ना. टपाल नेणारी बाई येईपर्यंत मी पेटीला चिकटून उभा. येणारेजाणारे बघत होते, त्यांना वाटलं असेल पेटीला मिठी मारलीय. तिने साबणाचं पाणी आणून हात सोडवला. मी म्हटलं, माझं पत्र परत द्या. म्हणाली, "टाकलेलं परत देता येत नाही, दादा. दुसरं लिहा."

म्हणून हे दुसरं. ये. आधी हे वाच असं पाकिटावर लिहिलंय, पण तू उलटंच करशील.

ये गं.


२९ सप्टेंबर

ताई,

हे अक्षर तुझ्या भावजयीचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. माझा 'र' आता 'ल'सारखा येतो, पण तिला समजतं. ती म्हणते, लहान मूल नव्हतं घरात, ती हौस फिटतेय. (हे मी म्हटलं नाही, ताई. ते स्वतःच म्हणतात आणि माझ्या नावावर खपवतात.)

तू पोचल्याचं कळलं. इथे तू होतीस तेव्हा मला धड बोलता आलं नाही. तोंडामुळे नाही, तसंच. आता सांगतो.

दार उघडलं तेव्हा तू आधी माझ्या हाताकडे बघितलंस आणि मग तोंडाकडे. मला ते आवडलं. बाकी सगळे तोंडाकडेच बघत राहतात, हात नसल्यासारखे. तुझे केस किती पांढरे झाले गं! मनात तू अजून काळ्या वेणीचीच होतीस. दोघंही किती वेळ उंबऱ्यातच, तू उभी आणि मी खुर्चीत. शेवटी भावजय म्हणाली, "भाजी करपतेय, आत या नाहीतर दोघंही बाहेर जेवा."

नदीवर तुम्ही दोघींनी मला खुर्चीसकट पाण्याच्या कडेला नेऊन ठेवलं. वारा होता. तू मागून माझं कोपर धरलंस आणि म्हणालीस, "तू फेक, मी उचलते." आपण कितीदा केलं ते! तू उचलायचीस तेव्हा मी चुकायचो, मी ठरवायचो तेव्हा तू. दोरी तुझ्या केसांत, माझ्या कानात. एकदा तर माशी थेट भावजयीच्या पिशवीत. तू हसत होतीस आणि मग एकदम हसायची थांबलीस. मला कळलं का. माझं कोपर तुझ्या हातात होतं, आणि तुला त्याचं वजन कळलं. काठीपेक्षा थोडंच जास्त.

मी म्हटलं, तू फेक. तू म्हणालीस, मला येत नाही. आणि मग काय फेकलीस, ताई! चप्पल काढून पाण्यात उतरलीस आणि तिसऱ्याच वेळी दोरी अशी गेली की मी श्वास रोखला. हात खांद्यापासून बोटांपर्यंत एक होता. काठीने सांगितलं आणि हाताने ऐकलं. मी तुझ्या हाताकडे बघत होतो आणि मला वाटलं, हे बाबांनी दिलेलं दुसरं. हेही उतरतं रक्तातून. त्या क्षणी मला तुझा राग आला नाही. हे तुला सांगायचं होतं. एवढ्या दिवसांत तो एकच क्षण असा होता, तेव्हा फार मोठा करून सांगत नाही.

मासा लागला तेव्हा तू धावत काठी माझ्या हातात आणून दिलीस आणि वरून आपले दोन्ही हात धरलेस. बोटं वळत नसली तरी लागतं सगळं. तळहात अजून जागा आहे. तो ओढत होता, मी हो हो म्हणत होतो. मग सुटला. तुला वाटलं मला वाईट वाटलं. नाही वाटलं. तू रडायला लागलीस त्याचं वाटलं, कारण मला तुझे डोळे पुसता येईनात आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस, मी पुसावे म्हणून नव्हे, पण बघत राहिलीस.

आता ज्यासाठी पत्र ते.

निघताना टॅक्सीत बसायच्या आधी तू विचारलंस, "ती काठी पोरीसाठी देशील? तिला तुझी आठवण राहील." मी 'बघू' म्हटलं. तू प्रेमाने विचारलंस हे मला कळतं. पोर काठी घेऊन पाण्यात उभी राहील, चांगला हात, चांगली बोटं. मलाही ते दिसतं डोळ्यांसमोर.

पण नाही देणार. अजून नाही. (ताई, ही ओळ लिहायला मी तयार नव्हते. ते म्हणाले, लिही, नाहीतर शेजाऱ्यांकडून लिहून घेईन.) तू 'आठवण' म्हणालीस आणि मी समोरच उभा होतो, म्हणजे बसलेलो. पुढे तुझी भावजय पाठवेल, तुला मागावी लागणार नाही. तोवर ती माझी.

काय करतोस तिचं, असं विचारशील. नदीवर जाणं आता होत नाही. खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. मग संध्याकाळी व्हॅन लावून आली की भावजय काठी जोडते, मूठ माझ्या मांडीवर ठेवते, माझी बोटं एकेक करून तिच्याभोवती बसवते, आणि दोरी ओढत घरभर जाते. स्वयंपाकघरात, कधी बाल्कनीत, दाराआड, मला दिसणार नाही अशी. मी डोळे मिटतो. मग तिकडून ती ओढते. कधी नुसता टोचा, कधी सलग ओढ, कधी असा झटका की काठी मुठीपर्यंत वाकते. आणि तिकडूनच ओरडून विचारते, "केवढा आहे?" मी सांगतो, वीतभर, हातभर. जेवायची वेळ टळून जाते.

काल तिने बराच वेळ ओढलं. हळूहळू, थांबून थांबून. मी माप सांगायचंच विसरलो. ती दाराआडून म्हणाली, "अरे सांग ना, हा कसा आहे?"

मी म्हटलं, "हा मासा नाही. मासा एवढ्या मायेने ओढत नाही."

मग तिने ओढायचं थांबवलं. दोरी मात्र ताठ होती.

बारक्या